शेजारची चावी

घाडीभाऊ कुठलाही कागद खालून वर वाचायचे. पत्र असो, बिल असो, लग्नाची पत्रिका असो, पहिली नजर तळाला. कोणी सही केलीय, कोणाचं निमंत्रण आहे ते बघायचं आणि मग सावकाश वर चढायचं. मी नोकरी मागायला गेले तेव्हा माझा अर्जही त्यांनी तसाच वाचला. सहीवर बोट ठेवून म्हणाले, "सुनंदा केळकर. गिरगाव. बरं." वरचं शिक्षण, अनुभव, जे मी इतकं नीटनेटकं टाइप करून नेलं होतं, त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला राग यायला वेळ लागत नाही आणि आला की मी तो पोटात ठेवत नाही. म्हटलं, "वरचं नाही का वाचणार?"

तर हसून म्हणाले, "वाचतो ना. पण कोणी लिहिलंय ते आधी कळलं की काय लिहिलंय ते वाचायला सोपं जातं, बाई."

तेव्हापासून मी त्यांची 'बाई' आणि ते माझे 'भाऊ'. मी केसांना मेंदी लावायला लागले तरी त्यात बदल झाला नाही.

लालबागला एका जुन्या कारखान्याच्या माळ्यावर त्यांची कंपनी होती. कंपनी म्हणजे काय, तर एक लांबट खोली, ओळीनं मांडलेले कॉम्प्युटर आणि टोकाला लाकडी फळ्या ठोकून केलेली भाऊंची केबिन. रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी ते सॉफ्टवेअर बनवायचे. पेशंटचं नाव घातलं, तपासणीचे आकडे घातले, की छापील रिपोर्ट बाहेर. परळ, दादर, माटुंगा, शीव, गिरगाव, जिथे जिथे हॉस्पिटलच्या आसऱ्यानं लॅब उभ्या राहिल्या, तिथे तिथे हळूहळू भाऊंचं सॉफ्टवेअर पोचलं. मी फोनवर असायचे. काही अडलं की लॅबवाले मला फोन करायचे आणि मी आधी त्यांना शांत करायचे, मग आमच्या ऑफिसातल्या मुलांना कामाला लावायचे. मला शांत करायला मात्र कोणी नव्हतं.

भाऊ उंचीनं बेताचे, अंगानं सडपातळ. शर्ट नेहमी पांढरा, बाही कोपरापर्यंत दुमडलेली. लग्न राहून गेलेलं. राग आला की खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायचे, आणि राग उतरला की परत वळायचे. त्यामधल्या वेळात केबिनमध्ये जायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्यांची एक सवय मला फार विचित्र वाटायची. कोणाच्याही दारातून आत जाताना ते बाहेरून स्वतःचं नाव सांगायचे. "मोहन घाडी. आत येऊ?" दार सताड उघडं असलं तरी. स्वतःच्या केबिनमध्ये शिरतानासुद्धा एकदा फळीवर टकटक करायचे. मी म्हटलं, "आत कोण बसलंय, भाऊ? तुम्हीच ना?" तर लाजून म्हणाले, "आईची शिस्त आहे."

ती शिस्त मला पुढे कळली. भाऊंचे वडील कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संप झाला तेव्हा भाऊ नुकते कॉलेजात गेलेले. आज उठेल, उद्या उठेल करत संप लांबत गेला आणि चाळीतली बिऱ्हाडं एकेक करून गावी निघाली. निघताना जो तो खोलीला कुलूप लावायचा आणि चावी भाऊंच्या आईकडे द्यायचा. का, तर आईची खाणावळ होती, ती कुठे जाणार नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला एक फळी होती, तिला खिळे मारलेले, आणि प्रत्येक खिळ्याला कोणाच्या ना कोणाच्या घराची चावी. आई आठवड्यातून एकदा त्या खोल्या झाडायची, घागरीत उंदीर पडलाय का बघायची. पण एकटी कधी आत गेली नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईला हाक मारून सोबत न्यायची, आणि रिकाम्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून मोठ्यानं म्हणायची, "मी घाडीण, आत येतंय." मगच पाऊल टाकायची. त्यातली कितीतरी बिऱ्हाडं परत आलीच नाहीत. भाऊंचे वडीलही पुन्हा कधी गिरणीच्या गेटाच्या आत गेले नाहीत. चाव्या मात्र चाळ पाडेपर्यंत त्या फळीवर होत्या.

आमच्या सगळ्या ऑफिसचं दुपारचं जेवण आईंकडेच असायचं. ऑफिसातून उतरलं की समोरच चाळ. गॅलरीत पाट मांडलेले, आणि आई आत चुलीशी. मी कोकणस्थ घरातली, मासे तिथेच खायला शिकले. भाऊ जेवताना एक शब्द बोलायचे नाहीत आणि आई वाढताना गप्प राहायच्या नाहीत.

आता जे सांगायचंय ते या चाव्यांवरूनच सुरू होतं.

कंपनी नवीन होती तेव्हा गिरगावात एक म्हातारे डॉक्टर आमचे गिऱ्हाईक होते. माणूस हुशार, पण पासवर्ड म्हटलं की डोकं रिकामं. सकाळी लॅब उघडायची, दारात उपाशीपोटी पेशंटची रांग, आणि डॉक्टर कॉम्प्युटरसमोर घाम पुसत बसलेले. मग मला फोन. "अहो केळकरबाई, काल तर लिहून ठेवला होता हो!" भाऊ लालबागहून बस पकडून गिरगावला जायचे आणि नवा पासवर्ड बसवून द्यायचे. दोन दिवसांनी पुन्हा तेच. एकदा त्या डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "घाडी, मी आता निरुपयोगी झालो का हो?"

भाऊंना ते सहन झालं नाही. परत आले ते थेट कामाला बसले. त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये एक आणखी पासवर्ड बसवला. तो सगळ्या लॅबमध्ये चालायचा. लॅबवाला स्वतःचा विसरला की आमच्यातलं कोणी जाऊन तो टाकायचं, आणि कुलूप उघडायचं. पासवर्ड काय, तर आईचं नाव आणि पुढे चाळीतला खोली नंबर. आम्ही त्याला 'शेजारची चावी' म्हणायचो. गिऱ्हाईकांना त्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही. सगळे कसे खूश होते! म्हातारे डॉक्टर तर दिवाळीला स्वतः मिठाई घेऊन आले.

त्या वेळी ती चावी वापरायची तर त्या लॅबच्या कॉम्प्युटरसमोरच बसावं लागायचं. पुढे इंटरनेट आलं. पेशंटना घरबसल्या रिपोर्ट दिसायला हवेत असं लॅबवाले म्हणू लागले. आमच्या मुलांनी तेही करून दिलं. कंपनी वाढली, ओळीनं मांडलेल्या कॉम्प्युटरच्या तीन रांगा झाल्या, मधल्या भिंती पाडल्या. कुलूप आता रस्त्यावर आलं होतं, पण चावी तीच राहिली.

एका दुपारी माटुंग्याच्या कामत मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे लॅबच्या मालकीण डॉक्टर, आवाज एरवीही खणखणीत. त्या दिवशी तो कापत होता. त्यांच्यासमोर शीवचे एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि ते मोडलं होतं. मुलीला पूर्वी टीबी झाला होता, औषधं घेऊन ती पूर्ण बरी झाली होती. तिचा तो जुना रिपोर्ट मुलाकडच्यांनी पाहिला होता. कुठे पाहिला विचारलं तर म्हणाले, कॉम्प्युटरवर. मुलाचा चुलतभाऊ पूर्वी दादरच्या एका लॅबमध्ये कामाला होता; गृहस्थांनी त्याला गाठलं तेव्हा त्यानं सगळं कबूल केलं. तिथे आमच्याच माणसाला ती चावी टाकताना त्यानं पाठीमागे उभं राहून पाहिलं होतं, आणि घरी बसून माटुंग्याच्या लॅबला लावून बघितली होती. लागली.

त्या मुलीचं नाव मी सांगणार नाही. भाऊंनी ते ऑफिसातही कधी उच्चारलं नाही.

भाऊंना सांगितलं तेव्हा ते उभे होते. खुर्ची भिंतीकडे फिरवतील असं मला वाटलं. तसं केलं नाही, नुसते बसले. मग त्यांनी नितीनला बोलावलं. नितीन म्हणजे त्यांचा भागीदार, कॉलेजातला मित्र. हिशेब, करार, बँक सगळं तो बघायचा, आणि खरं सांगायचं तर चांगलं बघायचा. मला तो कधीच आवडला नाही, पण त्या दिवशी तो जे बोलला ते वेड्यासारखं नव्हतं.

"मोहन, ऐक. आज ती चावी काढून टाकू. सगळ्या लॅबना नवीन सीडी पाठवू, सुधारणा म्हणून. वकिलाशी बोललोय मी. तो म्हणतो, लेखी काही द्यायचं नाही, तोंडी काही कबूल करायचं नाही. एक लॅब, एक मुलगी, एवढ्यावर थांबेल."

"आणि बाकीच्या लॅब?"

"बाकीच्यांचं काही झालेलंच नाही रे!"

"ते तुला कसं ठाऊक?"

नितीन हळूच म्हणाला, "ते मोठे हॉस्पिटलवाले या आठवड्यात करारावर सही करतायत. सगळ्या शहरांतल्या त्यांच्या लॅब आपल्याकडे येतील. यातलं एक अक्षर बाहेर गेलं तर ते पळतील. त्यांच्यामागून बाकीचे पळतील. आपलं सॉफ्टवेअर कोणी दारात उभं करणार नाही. बाहेर बसलीयत ती पोरं, त्यांची घरं आहेत, कर्जं आहेत. केळकरबाई आहेत. त्यांचं काय करणार?"

माझं नाव मध्ये घेतल्याचा मला असा संताप आला! पण मनात घरखर्चाचा हिशेबही सुरू झाला, तेही खरं. घरी माझ्या एकटीचा पगार होता.

भाऊ म्हणाले, "जेवून येऊ."

त्या दिवशी पहिल्यांदा भाऊ जेवताना बोलले. आईंना त्यांनी सगळं सांगितलं. पासवर्ड, इंटरनेट, चुलतभाऊ, लग्न. आई तेव्हा खूप थकल्या होत्या, खाणावळ सुनेसारखी एक शेजारीण बघायची, पण भाऊंना वाढायला त्या स्वतःच उठायच्या. हातातली पळी तशीच धरून त्यांनी ऐकून घेतलं. कॉम्प्युटरमधलं त्यांना काय कळलं असेल कोण जाणे. त्यांनी एकच विचारलं.

"तेंका म्हायत होता मां, तुज्याकडे चावी आसा तां?"

भाऊ म्हणाले, "नाय."

"माका चावी दितत तेव्हा हातात आणून दितत. तुका कोणी दिली?"

आई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मगे ती शेजाऱ्याची चावी नाय, झिला. ती चोराची." आणि भाताचं वाढप पुरं करून आत गेल्या.

भाऊंनी ताटातलं सगळं संपवलं. अन्न टाकायची त्या घरात पद्धत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून भाऊ बाहेर पडले. एकेक लॅब. फोन नाही, पत्र नाही, स्वतः जायचं. आमच्या दोन मुलांना कुलूप बदलायला बरोबर घ्यायचे आणि मलाही न्यायचे, कारण प्रत्येक लॅबवाला मला आवाजानं ओळखत होता. दारात उभं राहून "मोहन घाडी, आत येऊ?" आणि आत गेल्यावर न बसता तेच सांगणं: "तुमच्या लॅबची एक चावी माझ्याकडे होती. तुम्हाला न विचारता ठेवली होती. ती दुसऱ्याच्या हाती लागलीय. कोणकोणत्या पेशंटचे रिपोर्ट बाहेर गेले असतील ते मी सांगू शकत नाही. आज कुलूप बदलायला आलोय."

लोकांनी काय काय म्हणून ऐकवलं! दादरला एकानं त्यांच्यासमोर आमचा कॉम्प्युटर बंद करून टाकला आणि रिपोर्ट हातानं लिहायला घेतले. परळला एकानं वकिलाची नोटीस काढली. गिरगावचे म्हातारे डॉक्टर तोवर गेले होते. त्यांच्या मुलानं शांतपणे ऐकून घेतलं आणि महिनाअखेरीस आमचं सॉफ्टवेअर काढलं. हॉस्पिटलवाल्यांकडे भाऊ सहीच्या आदल्या दिवशी गेले. तिथल्या साहेबांनी त्यांना चहा पाजला, प्रामाणिकपणाची तारीफ केली आणि करार रद्द केला. नितीन सोडून गेला. जाताना अर्धी मुलं आणि बरीच गिऱ्हाइकं घेऊन गेला, आणि बाजारात सांगत सुटला की घाडीच्या सॉफ्टवेअरला भोकं आहेत. भोक तर होतंच. ते बुजवलं होतं, पण ऐकायला कोण थांबतो?

मी एकदा वाटेत भडकलेच. म्हटलं, "भाऊ, तुम्ही खरं बोलून मोकळे होताय आणि ऑफिस बंद पडतंय, त्याचं काय? तुमच्या मनाला बरं वाटावं म्हणून आम्ही उपाशी मरायचं का?"

ते थांबले. रागावले नाहीत. म्हणाले, "बरं नाही वाटत हो, बाई. रोज निघताना वाटतं, आज नको जाऊया. पण त्यांच्या पेशंटनी उद्या विचारलं तर लॅबवाल्यांना उत्तर द्यायचंय. काय झालंय तेच माहीत नसेल तर देणार कसं?"

शीवला मुलीच्या घरी आम्ही शेवटी गेलो. तिथे जाऊ नका असं वकिलानं बजावून सांगितलं होतं. दार वडिलांनी उघडलं. भाऊंनी नाव सांगितलं, आत येऊ का विचारलं. "नाही," ते म्हणाले. मग भाऊंनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. वडील ओरडले, शिव्या दिल्या. दिल्या ते योग्यच होतं. शेजारची दारं उघडली तशी भाऊ आवाज खाली करून म्हणाले, "साहेब, हळू. लोकांना कळायला नको." तेव्हा आतून ती आली. शाळेत शिकवायची, हातात तपासायच्या वह्यांचा गठ्ठा तसाच. रडत नव्हती.

तिनं विचारलं, "त्यानं पाहिला ते कळलं. अजून कोणी कोणी पाहिलाय माझा रिपोर्ट?"

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये शेवटचं कोणी उघडलं तेवढंच राहायचं, आधीचं पुसलं जायचं. भाऊ म्हणाले, "मला माहीत नाही, ताई."

ती म्हणाली, "मग मी आता रस्त्यानं चालताना प्रत्येकाकडे बघून तेच मनात आणायचं का?"

ऑफिसात परतल्यावर भाऊ कित्येक दिवस केबिनच्या बाहेर आले नाहीत. बाहेर आले तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये एक नवीन गोष्ट झाली होती. प्रत्येक रिपोर्टच्या तळाला एक ओळ: हा रिपोर्ट आतापर्यंत कोणी कोणी उघडला, त्यांची नावं. ती पुसता येत नव्हती, आम्हालाही नाही. पेशंटच्या हातात कागद गेला की त्याला कळणार. लॅबवाले कुरकुरले, कागद खराब दिसतो म्हणाले. भाऊंनी ऐकलं नाही.

कंपनी बंद पडली नाही, पण परत वाढलीही नाही. कॉम्प्युटरची एकच रांग राहिली. मजेची गोष्ट म्हणजे सगळ्यात जास्त आरडाओरडा करणाऱ्या कामत मॅडम शेवटपर्यंत आमच्याकडे राहिल्या. मी एकदा न राहवून कारण विचारलं. म्हणाल्या, "दुसऱ्यांच्यात भोकं नसतील असं तुम्हाला वाटतं का केळकर? असतीलच. पण ते मला सांगायला येतील का?" आणखी थोड्या लॅब तशाच राहिल्या. माझा पगार चुकला नाही. भाऊंनी स्वतःचा किती घेतला ते मी विचारलं नाही. आई गेल्या, चाळ पाडली. नव्या टॉवरमध्ये भाऊंना घर मिळालं. गावी जाताना शेजाऱ्यांनी चावी ठेवायला दिली तर ते हात जोडून नाही म्हणायचे.

भाऊंना परळच्या हॉस्पिटलात ठेवलंय कळलं तेव्हा मी निवृत्त झाले होते. भेटायला गेले. पांढरा शर्ट नव्हता, हॉस्पिटलचा निळा सदरा होता, आणि तो त्यांना फार मोठा होत होता. मी वॉर्डच्या दारात उभी राहून म्हटलं, "सुनंदा केळकर. आत येऊ?" ते हसले. इतकं बरं वाटलं मला त्या हसण्यानं.

मी बसलेली असतानाच नर्सनं रिपोर्ट आणून दिला. तिथल्या लॅबमध्ये आमचंच सॉफ्टवेअर होतं. भाऊंनी कागद घेतला, चष्मा चढवला आणि तळाची ओळ वाचायला घेतली. एकेका नावाखाली नख फिरवत. हे डॉक्टर, बरोबर. ही नोंदणीवाली, बरोबर. नख थांबलं.

"हे जाधव कोण?"

"असतील कोणीतरी, भाऊ. तुम्ही वरचं बघा ना."

"जाऊन विचारून या, बाई."

मी चिडलेच. अशा वेळीसुद्धा हा माणूस! पण उठले. कागद घेऊन खालच्या मजल्यावर लॅबकडे निघाले आणि जिन्यात मी वरचं वाचलं. इतकी वर्षं लॅबवाल्यांशी बोलण्यात गेली होती, ते आकडे मला कळत होते. आकडे वाईट होते. मी ते पुन्हा एकदा वाचले आणि खाली उतरले.

जाधव म्हणजे एक नवीन मुलगी होती, नुकतीच लागलेली. घाबरून म्हणाली, "मीच तपासलं, मॅडम. दोनदा केलं. पहिल्यांदा विश्वास बसला नाही म्हणून."

वर आले. चेहरा नीट केला. म्हटलं, "नवीन मुलगी आहे, भाऊ. तिनंच तपासलंय. खात्री करून घेतली तिनं. दोनदा."

"दोनदा?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "नीट काम करते म्हणजे."

मी कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, पण वर पाहिलं नाही.

"बाई, तुम्ही वाचलंत ना?"

मला खोटं बोलता आलं नाही. "हो."

त्यांनी उशाशी ठेवलेलं पेन काढलं आणि कागद माझ्यासमोर धरला. "मग खाली तुमचंही नाव हवं."

जाधवच्या पुढे मी माझं नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. भाऊंनी ते वाचलं, मान हलवली, आणि कागदाची घडी करून उशीखाली ठेवली.